आयडीतले इदम्

‘ब्लॉक-आयडी’ ही आज्ञा लिनक्सवाल्यांच्या बोटांत इतकी बसलेली असते की तिच्या शेपटाशी असलेल्या ‘आयडी’कडे कोणी वळून पाहत नाही. आयडी म्हणजे आयडेंटिफिकेशन, एवढ्यावर काम भागते. पण काम भागले तरी कुतूहल भागत नाही. आयडेंटिटी हा शब्द उत्तरकालीन लॅटिनमधल्या ‘इदेन्तितास’वरून आला, तो ‘इदेम’ म्हणजे ‘तेच’ यावरून, आणि ‘इदेम’च्या पोटात ‘इद्’ हे साधे दर्शक सर्वनाम आहे. हे ‘इद्’ आणि आपल्या ‘इदम्’मधले ‘इद्’ एकाच घरातले. संस्कृताने त्याला ‘अम्’ लावले, लॅटिनने ‘एम’. ही दोन शेपटे मुळात एकच की नुसती तोंडावळ्याने सारखी, यावर पंडितांनी खुशाल भांडावे.

अर्थ मात्र दोघांचा वेगळ्या वाटांनी गेलेला दिसतो. ‘इदम्’ समोरच्या वस्तूकडे बोट दाखवते: हे. ‘इदेम’ला आठवण लागते: हे तेच. साठवणीची साधने धुंडाळणाऱ्याचे प्रश्नही नेमके हेच दोन असतात. यंत्राला आत्ता काय काय जोडलेले आहे? आणि जे जोडलेले आहे, ते कालचेच का? पहिल्याचे उत्तर ‘एलएस-ब्लॉक’ देते, दुसऱ्याचे ‘ब्लॉक-आयडी’. एक इदम्‌ची आज्ञा, एक इदेमची.

दोन्ही आज्ञांत ‘ब्लॉक’ लिहिताना स्वर आणि एक व्यंजन गाळून ब-ल-क एवढाच सांगाडा ठेवला आहे. युनिक्सच्या आद्य लेखकांना टंकण्याचा कंटाळा फार, आणि तेव्हाचे टेलिटाइपही संथ. निर्देशिकेच्या नावात ‘माउंट’चे ‘म-न-ट’, आज्ञेत ‘कॉपी’चे ‘क-प’. फारसी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, ‘दफ्तर’ हा शब्द तिथे द-फ-त-र या चार अक्षरांत भागतो. तिथली नजर असलेल्या माणसाला युनिक्सच्या आज्ञा परक्या वाटू नयेत.

हा ‘ब्लॉक’ फ्रेंचमार्गे डच ‘ब्लोक’वरून आला, आणि त्याचा जुना अर्थ झाडाचा ओंडका. लॅटिनमध्येही ओंडक्याला ‘कॉडेक्स’ म्हणत. पुढे त्याच्या फळ्या करून, त्यांवर मेण थापून लिहू लागले आणि ‘कोडेक्स’ म्हणजे ग्रंथ झाला. मजकुराचे घर लाकडातून निघावे, हे दोनदा घडलेले दिसते.

‘डिस्क’चा प्रवास याहून लांबचा. ग्रीक ‘दिस्कोस’ म्हणजे फेकायची थाळी. ‘दिकेइन’ म्हणजे फेकणे. लॅटिन ‘डिस्कुस’वरून इंग्रजीत ‘डिश’ आली, ‘डेस्क’ आले, आणि जर्मनमध्ये ‘टिश’ म्हणजे टेबल. थाळी, मेज आणि फेकण्याची चकती अशी ही भावंडे. मराठीने ग्रामोफोनसाठी ‘तबकडी’ घडवली तीही थाळीवरूनच. ‘तबक’ अरबी, थाळी किंवा थर अशा अर्थाचे. आयबीएमने १९५६ साली ३५० या नावाचे साठवण-एकक काढले, त्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक फिरत. त्या चळतीला ‘थर’ या अर्थानेही तबक म्हणता आले असते.

आज एनव्हीएमईच्या पट्टीत फिरणारे काहीच नसते, तरी एलएस-ब्लॉकच्या ‘प्रकार’ या रकान्यात तिच्यापुढे ‘डिस्क’ असेच येते. खरे काय ते हवे असेल तर ‘रोटा’ नावाचा रकाना मागवावा. चकती फिरती असेल तर १, नसेल तर ०. हा रोटा ‘रोटेशनल’चे लघुरूप, आणि त्याच्या मुळाशी लॅटिन ‘रोता’ म्हणजे चाक. संस्कृत ‘रथ’ त्याचाच सख्खा. चाकाचा शब्द आपल्याकडे गाडीला लागला, तिकडे चाकालाच राहिला. (‘रहाट’ही याच कुळातला वाटतो, पण फसू नये: तो ‘अरघट्ट’वरून आला असावा.) यूएसबीचा पेन ड्राइव्ह या रकान्यात पुष्कळदा १ दाखवतो. त्याने स्वतःबद्दल काही सांगितले नाही की कर्नल त्याला फिरता धरते. चाक नाही, आस नाही, तरी रथात गणना.

आता ‘डेव्ह’ या निर्देशिकेकडे वळू. डेव्ह म्हणजे डिव्हाइस. जुन्या फ्रेंचमधले ‘देव्हिस’. त्यामागे लॅटिन ‘दिविदेरे’ म्हणजे विभागणे. विभागणी, मग विभागणीचा बेत, मग बेत पार पाडणारे साधन, अशा पायऱ्यांनी अर्थ उतरला. या ‘दिविदेरे’चे धातुरूप जिथे जाते तिथेच लॅटिन ‘विदुआ’ आणि संस्कृत ‘विधवा’ पोचतात: विलग झालेली. गंमत अशी की संस्कृताला या जुन्या धातूचा लवकरच विसर पडला असावा. यास्काचार्य निरुक्तात ‘विधवा’ची एकाहून अधिक निर्वचने देतात, आणि त्यांतले एक असे की ‘धव’ म्हणजे पुरुष, त्याच्यापासून वेगळी झाली ती विधवा. आधुनिक अभ्यासकांना हे उलटे वाटते: ‘वि’ हा उपसर्ग समजून शब्द फोडला, आणि उरलेल्या तुकड्यालाच ‘नवरा’ हा अर्थ आला. तो तुकडा एवढा रुजला की ‘सधवा’ झाली आणि ‘माधव’ची फोडही ‘मा’ म्हणजे लक्ष्मी, तिचा धव, अशी होऊ लागली. फाळणी चुकीच्या जागी झाली आणि तरीही त्यातून नवा प्रांत वसला.

फाळणी म्हटली की पार्टिशन आलेच. ‘पार्टेड’ या आज्ञेत ‘पार्टिशन एडिटर’ आणि ‘विभागलेले’ असे दोन्ही अर्थ जाणून-बुजून कोंबलेले दिसतात. मराठीत जमिनीची वाटणी, देशाची फाळणी, वतनाची तक्षीम. ही ‘तक्षीम’ अरबी ‘तक्सीम’, वाटप. इस्तंबूलमधल्या प्रसिद्ध तक्सीम चौकाचे नाव तिथून शहराला पाणी वाटले जाई त्यावरून पडले. जुन्या कागदांतला तक्षीमदार म्हणजे वतनातला हिस्सेदार.

डेव्हमधल्या नावांकडे नीट पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. ‘एसडीए’मधले एसडी म्हणजे मुळात स्कझी डिस्क. शेवटचा ‘ए’ त्या चकतीचा नव्हेच, तो तिच्या क्रमाचा. कर्नलला जी आधी सापडली ती ए, मग बी, मग सी. झेड संपला की एए. थोरला, मधला, धाकटा ही जशी नावे नव्हेत, नात्यातल्या जागा आहेत, तसेच हे. यंत्र पुन्हा सुरू केले, एखादी चकती उशिरा जागी झाली, की कालची ‘बी’ आज ‘सी’ होते. एसडीए हे शुद्ध इदम् आहे: आत्ता, इथे, हे. त्यावर विसंबून ‘एफएसटॅब’ या माउंट-यादीत कायमची नोंद करणारा सर्वनामाला विशेषनाम समजतो.

म्हणून यूयूआयडी. एकशे अठ्ठावीस बिटांची ही खूण छत्तीस चिन्हांत लिहितात, चार आडव्या रेघा धरून: आठ, चार, चार, चार, बारा असे गट. फाइल-व्यवस्था उभी करताना ती तिच्या अंगावर कोरली जाते, मग चकती कुठल्याही खाचेत बसवा. नव्याने फॉरमॅट केले की खूणही नवी. फॅट या जुन्या व्यवस्थेत मात्र एवढी ऐस नाही. तिथे बत्तीस बिटांचा क्रमांक, चार-चार चिन्हांच्या दोन गटांत. ब्लॉक-आयडी त्यालाच यूयूआयडी म्हणून मोकळी होते.

आपल्या दर्शनकारांनी या प्रसंगाला ‘प्रत्यभिज्ञा’ असे नाव दिले आहे. प्रति, अभि, ज्ञा: समोरच्याला पाहून मागचे जाणणे. तिचे ठरीव उदाहरण म्हणजे ‘तो हा देवदत्त’. ‘तो’मध्ये पूर्वी पाहिलेला गाव आणि काळ, ‘हा’मध्ये आत्ताचा, दोन्ही गळून पडतात आणि देवदत्त तेवढा उरतो. खाच गळते, क्रम गळतो, यूयूआयडी उरतो. पण शास्त्रकार इतके भोळे नव्हते. कापून पुन्हा वाढलेले केस आणि नखे ‘तीच ही’ अशी वाटतात, दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असून एकच वाटते. तिथे प्रत्यभिज्ञा फसते, कारण सारखेपणालाच ती एकपणा समजते. एका चकतीची ‘डीडी’ या आज्ञेने हुबेहूब नक्कल केली की नेमके हेच होते. दोन चकत्या, एक यूयूआयडी, आणि दोघीही म्हणतात, मीच देवदत्त. एक्सएफएस ही व्यवस्था अशा वेळी दुसरीला चढवून घ्यायला साफ नकार देते. बाणा नैयायिकाचा.

पण ब्लॉक-आयडीला मुळात कळते कसे की ही ईएक्सटी आणि ती एक्सएफएस? ‘मॅजिक नंबर’वरून. ईएक्सटी घराण्यात सुपरब्लॉक सुरुवातीपासून १०२४ बाइट सोडून बसतो, आणि त्यात आणखी छप्पन्न बाइट पुढे गेले की दोन बाइटांची खूण सापडते: ईएफ५३. हेक्सडंपने तिथले बाइट उघडे करून पाहिले तर मात्र आधी ५३ दिसते, मग ईएफ. लहान स्थानाचा बाइट आधी लिहायची ही रीत, लिटल-एंडियन. डॅनी कोहेनने १९८०च्या एका टिपणात हे नाव संगणकात रूढ केले. त्याने ते स्विफ्टच्या गलिव्हरमधल्या, अंडे कुठल्या टोकाने फोडावे या भांडणातून उचलले होते. भारतीयांना त्याचे नवल नसावे. भूतसंख्येत लिहिलेला शक वाचताना आपण एकं स्थानापासून सुरू करून डावीकडे जातो, आणि मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात, वीस मागून.

‘मॅजिक’ हा शब्द तर आपल्या शेजारचाच. ग्रीक ‘मागोस’ म्हणजे इराणी पुरोहित, प्राचीन फारसीत ‘मगु’. परक्यांच्या पुरोहितांचे विधी कळत नाहीत म्हणून ते जादू ठरले असावेत. त्याच ‘मगु’ला ‘पति’ जोडून झालेला ‘मगुपति’ झिजत झिजत ‘मोबेद’ झाला. मुंबईच्या अग्यारीतला मोबेद तो हाच. हेच लोक पूर्वेकडे आले ते ‘मग’ म्हणून. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत सूर्यप्रतिमेच्या स्थापनेचा अधिकार मगांना दिला आहे. सुपरब्लॉकातल्या दोन बाइटांपाशी अथेन्स, इराण आणि उज्जैन अशी तिन्ही ठिकाणे भेटतात.

ईएक्सटी म्हणजे ‘एक्स्टेंडेड’. मिनिक्सच्या फाइल-व्यवस्थेत ६४ मेगाबाइटांच्या पुढे जाता येत नव्हते आणि फाइलच्या नावाला चौदाच अक्षरे मिळत; १९९२ साली रेमी कार याने ती मर्यादा ताणली. ताणली हा शब्द इथे अगदी जागेवर आहे, कारण ‘एक्स्टेंड’मधले लॅटिन ‘तेन्देरे’ आणि संस्कृत ‘तन्’ एकाच मुळाचे: तंतू, तान, तंत्र आणि आपले ताणणे. ईएक्सटी-चार ही त्या हिशेबाने चौथी ताण.

तिसऱ्या ताणीत ‘जर्नल’ आले, आणि इथे मराठीकडे शब्द आधीपासून तयार होता. जर्नलच्या मुळाशी लॅटिन ‘दिएस’ म्हणजे दिवस, संस्कृत ‘दिव्’चा नातलग. आपली ‘रोजकीर्द’ तेच काम करते. ‘रोज’ हा फारसी दिवस, प्राचीन फारसीत ‘रउचह’, म्हणजे संस्कृत ‘रुच्’ धातूतला उजेड. ‘कीर्द’ म्हणजे केलेले, ‘कृत’चा इराणी भाऊ असावा. पेशवे दफ्तरात रोजकीर्दींचे ढीग आहेत. कारकून व्यवहार आधी कीर्दीत टिपतो, मग सवडीने खतावणीत चढवतो. मध्येच दिवा गेला तरी कीर्द वाचून खतावणी सावरता येते. जर्नल ठेवणारी फाइल-व्यवस्था वीज गेल्यावर असेच करते.

दफ्तर म्हटले की ग्रीक ‘दिफ्थेरा’ची आठवण यावी. दिफ्थेरा म्हणजे कातडे. लिहिण्याचे कातडे पूर्वेकडे येऊन फारसी-अरबीत ‘दफ्तर’ झाले. घशात कातड्यासारखा पापुद्रा धरणारा रोग ‘डिप्थेरिया’ झाला. मुलाच्या पाठीवरचे दफ्तर आणि त्याला टोचतात ती घटसर्पाची लस यांचे असे नाते. ‘पुस्तक’ही इराणी ‘पोस्त’ म्हणजे कातड्यावरून आले असावे असे पुष्कळांचे मत आहे. ‘फाइल’ मात्र कातड्याची नाही, दोऱ्याची: लॅटिन ‘फिलुम’, ज्यात कागद ओवून ठेवीत. ‘लेबल’ मुळात चिंधी, कापडाची पट्टी. आणि ‘आय-नोड’मधला ‘नोड’ म्हणजे गाठ. त्यातला ‘आय’ कशाचा, हे युनिक्सच्या आद्य लेखकांपैकी डेनिस रिचीला विचारले तेव्हा त्यानेही ‘इंडेक्स’चा असावा, असा अंदाजच सांगितला. शब्द घडवणाराही ‘असावा’वर थांबतो, तिथे आमची काय कथा. दोरा, चिंधी, गाठ: आपल्याकडे ‘ग्रंथ’ म्हणजे गाठ मारलेला, ‘सूत्र’ म्हणजे दोरा, आणि पुण्याच्या दफ्तरखान्यात कागद मोजायचे ते रुमालांनी. ‘रू’ म्हणजे तोंड, ‘माल’ म्हणजे पुसणारे. तोंड पुसायचे फडके सरकारी साठवणीचे माप झाले, आणि त्यात बांधलेल्या कागदांतून इतिहासकार सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात निवडक पेशवे दफ्तराचे ४५ खंड काढले.

साधन ओळखले की ते माउंट करायचे. ‘माउंट’ म्हणजे चढणे, ‘मोन्स’ म्हणजे डोंगर. बँकेतली ‘अमाउंट’ही याच डोंगराची, मूळ अर्थ ‘वरच्या दिशेने’. संगणकात हा शब्द शब्दशः आला: टेपचे रीळ किंवा चकत्यांची चळत माणूस हाताने यंत्रावर चढवी. १९७१च्या पहिल्या युनिक्स मार्गदर्शिकेतही माउंट आहे आणि त्याचा जोडीदार ‘यूमाउंट’ही आहे, तेव्हापासूनच एक ‘एन’ हरवलेला. तो कोणी परत आणला नाही.

मराठीत यासाठी ‘चढवणे’ पुरून उरते. हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात ‘आरुह्’च्या जागी ‘चड’ आणि ‘वलग्ग’ असे दोन आदेश सांगितले आहेत. पहिल्याचे आपले ‘चढणे’. दुसऱ्याची कन्या ज्ञानेश्वरीच्या मराठीत ‘वळघणे’ म्हणून नांदताना दिसते; आज ती बोलण्यातून गेली. चढवण्याच्या अर्थछटांतली एक इथे हुबेहूब लागू पडते. भरलेल्या निर्देशिकेवर दुसरी फाइल-व्यवस्था चढवली की खालचे जिन्नस पुसले जात नाहीत, नुसते झाकले जातात. उशीला अभ्रा चढवावा तसे. ‘अभ्रा’ फारसी, दुपदरी कपड्याचा बाहेरचा पदर. आतल्या पदराला ‘अस्तर’. संस्कृतातले ढगाचे ‘अभ्र’ त्याला उगाच चिकटवू नये.

राहता राहिला आपला स्वतःचा शब्द: ओळखणे. यातला ‘लक्ष’ म्हणजे खूण, हे उघड आहे. संस्कृतात ‘लक्षण’ त्याचेच. ‘ओ’ मात्र कोड्यात टाकतो. मराठीत ‘अव’चा ओ होतो, ‘अप’चाही होतो (‘ओवरी’ ही ‘अपवरक’वरून असावी), आणि प्राकृतात ‘उव’ झालेल्या ‘उप’चाही. उमेदवार तीन. ‘ळ’ने एवढे नक्की सांगितले की या धातूच्या आधी काहीतरी होते. मराठीत शब्दारंभी ल टिकतो, लोक, लाज. दोन स्वरांमध्ये एकटा सापडला की ळ होतो, फल-फळ, काल-काळ. आणि जोडलेला होता तिथे पुन्हा ल, बिल्व-बिल्ल-बेल. म्हणजे ‘ओळख’ तयार होत होती तेव्हा उपसर्ग आणि धातू यांतला सांधा बोलणाऱ्यांच्या कानी पडत नव्हता. गुजरातीतही ‘ओळखवुं’ असाच ळ आहे, तेव्हा हा सांधा दोन्ही भाषा वेगळ्या होण्याआधीच बुजला असावा.

‘अव’ किंवा ‘अप’ धरला तर ‘अवलक्षण’ ही ओळखीची सख्खी बहीण ठरते, आणि अर्थ उलट्या दिशेला जातो. ‘उपलक्ष्’ म्हणजे जवळून खूण पाहणे, टिपणे. प्राकृतात ‘उवलक्ख’ हे रूपही मिळते. माझे मत त्यालाच. ‘अव’च्या पक्षाला वकील हवा असेल, तर ‘ओ’ त्यालाही तितकाच सोयीचा आहे. अर्थाचा पुरावा मात्र त्याने आणावा.